कमी चाललेल्या गाडीचा मोह

जुनी गाडी विकणाऱ्याच्या तोंडी तीन वाक्यं ठरलेली असतात. सिंगल ओनर आहे. रनिंग अगदी कमी आहे. जिवापाड जपली आहे. पहिली दोन आरसी बुकावर आणि मीटरवर बघता येतात, तिसऱ्याला पुरावा नसतो. बाजार किंमत लावतो ती पहिल्या दोन वाक्यांना, आणि गाडी घाटात दगा देणार की नाही हे ठरतं तिसऱ्यावर. रोज ऑफिसला जायला सव्वाशे सीसीची गाडी घेणाऱ्याचं यात फार बिघडत नाही. बंद पडली तर कोपऱ्यावर गॅरेज असतं, नाहीतर रिक्षा असते. पण कोल्हापूरहून हंपीला किंवा नाशिकहून स्पितीला जायचं मनात ठेवून जो जुनी टूरिंग मोटरसायकल शोधतो, त्याने बाजाराची हीच फूटपट्टी हातात धरली तर चुकीची गाडी घरी येण्याची शक्यता दाट. माझं म्हणणं थोडक्यात असं: टूरिंगसाठी जुनी गाडी घ्यायची तर चाललेली घ्यावी, उभी राहिलेली घेऊ नये.

वापर म्हणजे झीज, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि ते अर्धंच खरं आहे. इंजिनाची मोठी झीज होते ती गार इंजिन सुरू करताना आणि नंतरच्या काही मिनिटांत, ऑइल सगळीकडे पोचून तापेपर्यंत. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं याच अवस्थेत दिवस काढतं. आतली वाफ उडून जावी इतकं ऑइल कधी तापतच नाही. उलट साताऱ्याहून बेळगावला टॉप गिअरमध्ये एका लयीत गेलेल्या गाडीचे सव्वादोनशे किलोमीटर मीटरवर भरभक्कम दिसतात, पण त्यात गार इंजिन एकदाच सुरू झालेलं असतं, गिअर मोजके पडलेले असतात आणि क्लचला जवळजवळ सुट्टी असते. स्वारगेटहून हिंजवडीला अर्ध्या क्लचवर रांगत काढलेले वीस हजार जड की हायवेवरचे पन्नास हजार जड, हे कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारून बघा.

आणि उभी गाडी? ती चालत नाही म्हणून म्हातारी व्हायची थांबत नाही. अर्धी टाकी रिकामी असेल तर आत दमट हवा खेळते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी आतून गंजायला एवढं पुरतं. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतला ओलावा शोषतं, मग गाडी चालो वा न चालो. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचंच असतं. टायरचं रबर कडक होतं, शॉकअपची सीलं कोरडी पडतात, बॅटरी बसते, चेनच्या कड्या आखडतात. यातलं काहीही मीटरवर दिसत नाही. मीटरवर दिसतात ते फक्त कमी किलोमीटर, आणि आपण त्यासाठी वीस-तीस हजार जास्त मोजतो.

एका धाकट्या मित्रासाठी गाडी बघायला गेलो होतो, तेव्हाची दोन उदाहरणं सांगतो. पहिली गाडी पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीच्या बेसमेंटमधली. रॉयल एनफिल्डची हिमालयन, जुनी ४११ सीसीची, २०१८चं मॉडेल, रनिंग सहा हजारांच्या आत. “बघा ना दादा, अजून एक ओरखडा नाही,” मालक म्हणाला. खरंच नव्हता. मात्र टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत जे चार आकडे असतात ते होते १५१८, म्हणजे २०१८ सालचा पंधरावा आठवडा. टायर कंपनीतून आलेलेच, नक्षी पूर्ण शिल्लक, आणि नख रुतू नये इतके टणक. हॅण्डलवरच्या ब्रेक ऑइलच्या खिडकीत चहाचा रंग. टाकीचं झाकण उघडलं तर कडेने तपकिरी वर्तुळ आणि वार्निशसारखा वास. सायलेन्सरजवळ हात नेला तर तो गरम; आम्ही यायच्या आधी गाडी तापवून ठेवलेली होती. जी गाडी गार असताना पहिल्या बटणाला सुरू होते, ती कुणी आधी तापवून ठेवत नाही.

दुसरी गाडी मिरजेची. तीच हिमालयन, त्याच वर्षाची, रनिंग एकसष्ट हजार. क्रॅश गार्ड एका बाजूने घासलेला, सीटला एक शिवण, टाकीवर टँक बॅगच्या पट्ट्यांनी उठलेले फिके डाग. मालकाने आतून प्लास्टिकची फाईल आणली. ऑइल कधी बदललं, टॅपेट कधी सेट केले, चेन किट किती किलोमीटरला टाकलं, सगळी बिलं तारखेने लावलेली. तो स्वतःहूनच म्हणाला, “मागचा शॉकअप आता बदलायला झालाय, तेवढे कमी द्या.” पहिल्या गाडीपेक्षा ही चाळीस हजारांनी स्वस्त होती. मित्राच्या वडिलांचा फोनवरून कौल अर्थातच पहिल्या गाडीला होता. “कमी चाललेली घे,” एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दोन दिवस घासाघीस होऊन, त्यातली बरीचशी घरातच, गाडी मिरजेची आली.

चाळीस हजारांचा हा फरक कुठून येतो? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, ‘द मार्केट फॉर लेमन्स’. पुढे २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचा मुद्दा मराठी माणसाला नवा नाही. पाण्यात म्हैस आणि वर मोल, अशी आपली म्हणच आहे. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. त्या भावात ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला विकणं परवडत नाही. तो बाजारातून बाजूला होतो. उरतात खोटीच्या गाड्या, मग भाव आणखी उतरतो आणि आणखी बऱ्या गाड्या बाहेर पडतात. मारुतीचा सेकंड हॅण्ड बाजार असो की भंगारातल्या फ्रिजचा, हे गणित आपण रोज बघतो.

टूरिंग मोटरसायकलच्या बाजारात मात्र या गणिताला एक मोठं भगदाड आहे. अकरलॉफचा मालक गाडी विकतो कारण तिच्यात खोट आहे, निदान तशी शंका घ्यायला जागा आहे. टूरिंग गाडी विकणाऱ्यांपैकी पुष्कळांचं कारण गाडीत नसतंच. लग्न ठरतं. मूल होतं. ऑनसाइट जायचं असतं. मणक्याची गादी सरकते. गृहकर्जाचा हप्ता सुरू होतो आणि बायको विचारते, ही पार्किंगमध्ये उभी करायला ठेवली आहे का? लडाखचा फोटो बघून घेतलेली गाडी लोणावळ्याच्या पलीकडे गेलेली नसते आणि तिचा हप्ता मात्र दर महिन्याला जात असतो. माझ्या ओळखीत विकल्या गेलेल्या टूरिंग गाड्यांपैकी मालकाने कंटाळून विकलेल्या कमी, आयुष्याने उतरवलेल्या जास्त. विकण्याचं कारण गाडीच्या तब्येतीशी संबंधित नसेल तर चांगल्या गाड्याही बाजारात येतात, आणि भाव मात्र त्यांना सरासरीचाच मिळतो. घेणाऱ्याचा फायदा नेमका इथे आहे. म्हणूनच जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न ‘शेवटची किंमत काय’ हा नसावा, ‘का विकताय’ हा असावा, आणि उत्तर ऐकून घेतल्यावर चहा मागवून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारावा. खरं कारण असलेला माणूस दोन्ही वेळा तेच सांगतो, बहुधा थोडं जास्तच लांबवून.

याच कारणासाठी चकचकीत शोरूममधून, ‘सर्टिफाइड’चा शिक्का मारून जुन्या दुचाकी विकणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते गाडी धुतात, पॉलिश करतात, चार पार्ट बदलतात, सहा महिन्यांची वॉरंटी देतात. शहरात वापरायच्या गाडीला हे ठीक आहे. पण या सगळ्यात आधीचा मालक पुसला जातो. गाडी कोणी, कुठे, कशी चालवली हे सांगणारं कोणी समोर नसतं. असतो तो सेल्समन, त्याने ती गाडी कधी चालवलेली नसते. ज्या एका माहितीवर टूरिंगचा सौदा उभा राहतो तीच ते धुऊन टाकतात आणि वर तिचे पैसे घेतात.

आता कोणती गाडी घ्यावी याबद्दल. इथे लोक दुसऱ्या मोहात सापडतात. अडीच-तीन लाखांत नवी साधी गाडी येते, त्याच्या थोडं वर गेलं की दोन सिलिंडरची, साडेसहाशे सीसीची, परदेशी नावाची जुनी गाडी मिळते. मग माणूस विचार करतो, हीच का नको? नको, कारण गाडीची किंमत जुनी होते, देखभाल मात्र नवीच राहते. तिचा एक मागचा टायर, एक चेन किट, एक मोठी सर्व्हिस यांचे दर गाडी पहिल्या दिवशी जशी होती त्याच हिशेबाने लागतात. शिवाय सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईत. रविवारी संध्याकाळी सिरोंच्यात क्लचची केबल तुटली तर तिथला पोरगा हिमालयनला किंवा डॉमिनारला काहीतरी जुगाड करून हैदराबादपर्यंत पोचवेल. त्या पाहुण्या गाडीचं नाव ऐकून तो फक्त फोटो काढेल.

मुळात एवढ्या ताकदीला आपल्याकडे रस्ता कुठे आहे? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी. अटल सेतूवर दुचाकीला बंदी. राज्यातले सगळ्यांत सरळ, सपाट आणि वेगवान रस्ते मोटरसायकलवाल्यासाठी नाहीतच. त्याच्या वाट्याला येतो तो जुना मुंबई-पुणे रस्ता, बोरघाटातली ट्रकची रांग, वर्षानुवर्षं काम चालू असलेला मुंबई-गोवा महामार्ग, वरंधा, आंबा घाट, आंबोली, आणि मराठवाड्यातले सरळ पण गतिरोधकांनी भरलेले रस्ते. इथे दिवसभर सत्तर-ऐंशीच्या वेगाने न दमता जाणारी गाडी राजा आहे. बंदीचा हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर स्वतंत्र लेख होईल (माझ्या मते पुरेसा विचार न करता घेतलेला). पण जोवर ती आहे तोवर दोनशेच्या वेगाचे पैसे मोजणं म्हणजे अंगण नसलेल्या घरासाठी झोपाळा घेणं.

म्हणून माझी शिफारस एका सिलिंडरच्या, भरपूर खपलेल्या, देशात बनलेल्या गाडीची. २०१६ साली आलेली हिमालयन ४११ हिचं उत्पादन २०२३ मध्ये नवी साडेचारशेची आल्यावर थांबलं, पण रस्त्यावर इतक्या आहेत की पार्ट मिळायला अडचण नाही. घेताना शक्यतो २०१७ नंतरची बघावी, कारण तेव्हा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि उंचावरच्या विरळ हवेत त्याचा फरक पडतो. आपल्या चाकणची बजाज डॉमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये अवघ्या १ लाख ३६ हजारांच्या शोरूम किमतीला आली होती. तिच्याकडे लोक कायम नाक मुरडत राहिले, त्यामुळे जुनी डॉमिनार तिच्या लायकीपेक्षा स्वस्त मिळते. बाजाराला न आवडणारी चांगली वस्तू घेण्यासारखं सुख नाही.

गाडी तपासण्याबद्दल मात्र हात आखडता घेऊ नये. बैलबाजारात शेतकरी जसा बैलाचा जबडा उघडून दात मोजायचा आणि विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर विसंबायचा नाही, तसंच इथे मीटरवर विसंबू नये. डिजिटल मीटर मागे नेणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. खरं वय दुसरीकडे लिहिलेलं असतं. ब्रेक डिस्कवर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बोट फिरवून कडेला उभा ओठ लागला की डिस्क बरीच झिजली आहे. मीटरवर नऊ हजार आणि डिस्कला ओठ, यांतलं एक खोटं आहे आणि डिस्क खोटं बोलत नाही. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढून बघावी. अर्धा दात उघडा पडला तर किट गेलं. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करावं आणि हॅण्डल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यावं. मधोमध कुठे अडकल्यासारखं झालं तर कोन सेट खराब. हॅण्डल पूर्ण वळल्यावर चॅसीच्या ज्या ठोकळ्याला टेकतं, तो चेपलेला किंवा त्याचा रंग उडालेला असेल तर गाडी समोरून आदळलेली आहे, मालक काहीही सांगो. बॅगांचं वजन वाहिलेल्या गाडीचा मागचा सांगाडा टॉर्च लावून बघावा, वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर असते. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम मारलेला आहे. फॉग लॅम्प बसवताना मूळ वायरिंगला टेपने जोड दिलेले असतील तर मी बाकी सगळं चांगलं असलं तरी दोनदा विचार करीन. इंजिनाची दुरुस्ती एकदा पैसे भरून संपते. वायरिंगचं दुखणं पहिल्या पावसात उपटतं आणि पुढे सापडता सापडत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चाललेली गाडी घ्या म्हणणं सोपं, पण जास्त रनिंगच्या गाडीला खर्चही लागतात, आणि प्रत्येक चालवणारा काही बिलं जपणारा नसतो. मान्य आहे. साठ हजार चाललेली आणि बिनफाईलची गाडी ही सहा हजारांच्या उभ्या गाडीपेक्षाही वाईट सौदा ठरू शकते. माझा आग्रह किलोमीटरसाठी नाही, पुराव्यासह आलेल्या किलोमीटरसाठी आहे. फाईल नसेल तर गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मालकाला काढायला सांगावा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. आणि ठरलेल्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवूनच निघावं. टायर, चेन किट, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं, बॅटरी हे पहिल्याच आठवड्यात बदलून टाकावं. तेवढे पैसे हाताशी नसतील तर गाडी परवडत नाही असं समजावं. तपासायला मिस्त्री न्यायचा तर आपला न्यावा, त्याच्या दिवसाचे पैसे द्यावेत. विकणाऱ्या दलालाच्या ओळखीचा मिस्त्री दोन्हीकडून खातो.

कागदांबद्दल थोडक्यात, पण डोळ्यांत तेल घालून. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ‘नाव नंतर करून घेऊ’ ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. त्यामुळे घाई विकणाऱ्यालाच जास्त हवी. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नयेत. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. दिल्ली-हरियाणा पासिंगची स्वस्त गाडी दिसली तर बारा महिन्यांत इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर लागेल, तो धरून हिशेब करावा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते.

भावाचं गणित सध्या जरा ताजं करून घ्यायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर, ज्यांना सेस धरून ३१ टक्के पडत होते, तो ४० झाला. म्हणजे नवी बुलेट किंवा मिटिअर ३५० स्वस्त झाली; जुनीचा मालक नव्या गाडीच्या कर उतरण्याआधीच्या किमतीवरून भाव सांगत असेल तर त्याला हे नम्रपणे दाखवून द्यावं. हिमालयन किंवा डॉमिनारसारख्या गाड्यांचे मालक मात्र आता अडून बसले तर त्यांना दोष देता येत नाही.

राहता राहिला प्रश्न विकणाऱ्यांचा. तेही आपल्यातलेच असतात, आज घेणारा पाच वर्षांनी विकायला उभा राहतोच. चांगल्या गाडीला चांगला भाव मिळत नाही अशी तक्रार मी कितीतरी जणांकडून ऐकतो, आणि फाईल मागितली की तेच खांदे उडवतात. घेणाऱ्याला तुमची काळजी दिसली नाही तर तो तिचे पैसे का देईल? म्हणून आज गाडी तुमच्याकडे आहे तोवर एवढं करा: प्रत्येक ऑइलबदलीचं बिल एका पाकिटात टाका, मागे किलोमीटर लिहा, गाडी पडली असेल तर तेही लिहा, आणि विकताना ते पाकीट चावीबरोबर द्या.